ऑटोगायडिंग रुसलं तर: आधी दोष शोधा, मग आकडे फिरवा

दुर्बिणीतून काढलेल्या आकाशाच्या फोटोत तारे लांबट दिसायला लागले की नवखा माणूस सर्वात आधी गायडिंगच्या सॉफ्टवेअरमधले आकडे फिरवतो. ॲग्रेशन (मोजलेल्या चुकीपैकी किती टक्के एका वेळी दुरुस्त करायची तो आकडा) ७० वरून ४०, तिथून ९०. एक्स्पोजर दोन सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर. तासाभरानं आलेख होता तसाच दातेरी असतो आणि कुठल्या बदलानं काय घडलं हे कुणालाच सांगता येत नाही. बिघाड त्या आकड्यांत क्वचितच असतो. म्हणून इथे आकड्यांना हात सर्वात शेवटी लावायचा आहे.

लांब एक्स्पोजरमध्ये दुर्बीण ताऱ्यावर रोखून ठेवणारं ऑटोगायडिंग ही सतत चालणारी एक फेरी आहे. गाइड कॅमेरा (सहसा गाइडस्कोप नावाच्या छोट्या जोडदुर्बिणीला लावलेला दुसरा कॅमेरा) ताऱ्याचा फोटो काढतो, सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य किती सरकला ते मोजतं, माउंटला, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीला, 'पश्चिमेकडे १०० मिलिसेकंद' अशी पल्स पाठवतं, माउंट तेवढं हलतं आणि पुढचा फोटो निघतो. यात गडबड होण्याच्या जागा चारच: पाहणारा कॅमेरा, निरोप नेणारी केबल किंवा ड्रायव्हर (संगणकातला माउंटशी बोलणारा प्रोग्रॅम), हुकूम पाळणारं माउंट आणि मधली हवा. खालच्या सगळ्या पायऱ्या या चौघांतला दोषी कोण ते वेगळं काढण्यासाठी आहेत, म्हणून क्रम मोडू नका.

पुढचं सगळं पीएचडी२ (PHD2) हे गायडिंगचं सॉफ्टवेअर धरून लिहिलं आहे. ते मोफत आहे आणि हौशी मंडळींत सर्रास वापरलं जातं. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बटणांची नावं बदलतील, तर्क तोच राहील. माउंटही इक्वेटोरियल धरलं आहे: त्याचा एक अक्ष (आरए) पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो आणि दुर्बीण पूर्व-पश्चिम फिरवतो, दुसरा (डेक) उत्तर-दक्षिण. तुमचं माउंट आल्ट-ॲझ (वर-खाली आणि आडवं फिरणाऱ्या) पद्धतीचं असेल तर गायडिंग कितीही छान जमलं तरी चित्र गाइड ताऱ्याभोवती हळूहळू फिरतच राहणार. त्यावर उपाय वेजचा (माउंट कलतं बसवणाऱ्या पाचरीचा) आहे, सॉफ्टवेअरचा नाही.

पायरी १: उजेड असतानाच उरकायची कामं

गाइडस्कोपचं नाभीय अंतर आणि गाइड कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार सॉफ्टवेअरमध्ये बरोबर भरला आहे का ते पाहा. मुख्य दुर्बिणीचं अंतर भरून ठेवणारे बरेच असतात. हे चुकलं तर विकलांमध्ये (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) दिसणारा प्रत्येक आकडा खोटा असतो आणि तुम्ही खोट्या आकड्याशी रात्रभर झुंजता. हिशेब सोपा आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ नं गुणा, मिलिमीटरमधल्या नाभीय अंतरानं भागा. ३.७५ मायक्रॉनचा पिक्सेल आणि २०० मिलिमीटरचा गाइडस्कोप असेल तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ३.९ विकला. बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र धरणं) दोन केलं तर हे दुप्पट. ऑफ-ॲक्सिस गायडर (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश गाइड कॅमेऱ्याकडे वळवणारं साधन) वापरत असाल तर मात्र मुख्य दुर्बिणीचंच अंतर भरायचं, रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारं भिंग) धरून.

मग यंत्राकडे वळा. तोल साधताना कॅमेरा, फिल्टर, दवपट्टी, केबल सगळं लावलेलं असू द्या आणि फोकसही रात्रीच्या जागी. दातेरी चाकांच्या माउंटवर आरए अक्षाचा तोल किंचित पूर्वेकडे जड ठेवतात, म्हणजे दाते एकाच बाजूला टेकून राहतात. स्ट्रेन-वेव्ह (लवचीक दातेरी कड्यावर चालणाऱ्या) माउंटला याची गरज नाही. गाइडस्कोपला दोन बोटांनी हळूच ढकलून पाहा. जरा जरी डुलला तर पुढचं सगळं व्यर्थ. प्लास्टिकच्या टोकाचे तीन-तीन स्क्रू असलेल्या कड्यांवर माझा तरी विश्वास नाही, घट्ट पकडणारी क्लॅम्प केव्हाही बरी. शेवटी क्लच सैल करून दुर्बीण हातानं दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा आणि कुठली केबल कुठे अडते, ताणते, लोंबते ते बघा. हे अंधारात कळत नाही. आलेखात मात्र 'मध्येच एक उंच उडी' म्हणून दिसतं.

हँड कंट्रोलर किंवा माउंटच्या ॲपमध्ये चार गोष्टी तपासा. स्थान, तारीख, वेळ आणि टाइम झोन बरोबर हवेत. ट्रॅकिंगचा वेग साइडरियल (ताऱ्यांच्या गतीचा) हवा. आदल्या रात्री चंद्र पाहिला असेल तर तो चांद्रवेगावर राहिलेला असू शकतो. माउंटची स्वतःची बॅकलॅश (दात्यांमधली ढील) भरपाई शून्य करा, कारण ती आणि गायडिंग सॉफ्टवेअर एकाच वेळी सुधारणा करायला गेले की दोघं मिळून तारा टोलवत राहतात. चौथी गोष्ट गाइड रेट.

गाइड रेट म्हणजे पल्स मिळाल्यावर माउंट किती वेगानं हलणार. आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतं. ०.५एक्स म्हणजे सेकंदाला ७.५ विकला, तेव्हा १०० मिलिसेकंदांची पल्स ताऱ्याला पाऊण विकला हलवते. हाच रेट ०.१एक्स ठेवला तर सेकंदाला दीडच विकला होतात, आणि डेकच्या दात्यांमध्ये १५ विकलांची ढील असेल तर ती भरून काढायलाच दहा सेकंदांच्या पल्स खर्ची पडतात. 'हळू म्हणजे अचूक' हा समज इथे चुकीचा आहे. ०.५एक्स ते ०.९एक्सच्या दरम्यान कुठेही ठेवा आणि विसरून जा.

निरोपाचा रस्ता एकच ठेवा. एसटी-४ या माउंटच्या गायडिंग सॉकेटात जाणाऱ्या केबलनं गायडिंग होतं, ड्रायव्हरमधून पल्स पाठवूनही होतं. संगणकानं चालणाऱ्या माउंटला ड्रायव्हरचाच रस्ता घ्या. दुर्बीण कुठे रोखली आहे आणि माउंटच्या कुठल्या बाजूला आहे हे तेव्हाच सॉफ्टवेअरला कळतं. एसटी-४ वापरायचीच असेल तर एक सावधगिरी: हँड कंट्रोलरचं सॉकेट पुष्कळदा तसंच दिसतं आणि त्यात वीज असते. चुकीच्या भोकात प्लग घातला तर कॅमेरा किंवा माउंट जळू शकतं.

पायरी २: तो खरंच तारा आहे ना?

कॅमेऱ्याच्या चिपवर काही पिक्सेल उगाचच चमकतात. सॉफ्टवेअरनं असा हॉट पिक्सेल तारा म्हणून पकडला तर आलेख कमालीचा सपाट येतो आणि तुम्ही खूश होता. पण तो 'तारा' हलत नाही, कारण तो चिपलाच चिकटलेला आहे. कॅलिब्रेशनमध्ये 'तारा पुरेसा हलला नाही' असा संदेश आला तर पहिला संशय याच्यावर घ्या. उपाय म्हणजे झाकण लावून डार्क लायब्ररी (हॉट पिक्सेल वजा करण्यासाठी काढलेल्या काळ्या फोटोंचा साठा) बनवणं; पीएचडी२मध्ये ते काम काही मिनिटांचं आहे. कॅमेरा बदलला की नवी बनवायची.

ताऱ्याचा प्रोफाइल उघडून बघा. मधे टोक, दोन्हीकडे उतार असा आकार हवा. माथा सपाट असेल तर तारा संपृक्त झाला आहे आणि त्याचा मध्य नीट मोजता येणार नाही, मंद तारा निवडा. पसरट ढेकूळ दिसलं तर फोकस गेला आहे. गाइडस्कोपचा फोकस एकदा लावला की कुणी परत पाहत नाही, पण तापमान उतरतं तसा तोही सरकतो. 'तारा हरवला' हा संदेश वारंवार येण्यामागे ढगांखालोखाल फोकस, दव आणि सैल यूएसबी प्लग हीच कारणं निघतात.

तारा स्वतः शोधत बसू नका, निवड सॉफ्टवेअरवर सोडा. नव्या आवृत्त्यांमध्ये एकाच वेळी अनेक तारे धरता येतात, तेही चालू ठेवा. हवेची थरथर त्यामुळे काही प्रमाणात सरासरीत विरते.

पायरी ३: कॅलिब्रेशन योग्य जागी

कॅलिब्रेशनमध्ये सॉफ्टवेअर माउंटला मुद्दाम पश्चिम, पूर्व, उत्तर, दक्षिण असं हलवतं आणि चिपवर कुठली दिशा कुठे जाते, किती वेगानं जाते ते शिकतं. हे जिथे फोटो काढायचा तिथेच करायचं असं अनेकांना वाटतं. तसं करू नका. खगोलीय विषुववृत्ताजवळ, मेरिडियनच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) थोडं अलीकडे किंवा पलीकडे आणि क्षितिजापासून चांगलं वर अशी जागा घ्या. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे जवळजवळ विषुववृत्तावरच आहेत. मृग नसेल तेव्हा कन्या किंवा कुंभ राशीतून ते वृत्त जातं; श्रवण ताऱ्याच्या थोडं दक्षिणेलाही सापडेल.

यामागचं कारण भूमितीचं आहे. ध्रुवाकडे जावं तसं आरए अक्षाच्या त्याच हालचालीनं तारा कमी सरकतो. ६० अंश क्रांतीवर (विषुववृत्तापासून ६० अंश दूर) तो निम्माच सरकतो, ८५ अंशांवर तर अकरावा भागही नाही. तिथे मोजलेला वेग हवेच्या थरथरीत बुडून जातो. विषुववृत्तावर एकदा नीट मोजलं आणि ड्रायव्हर जोडलेला असला की पुढे कुठेही गेलात तरी सॉफ्टवेअर स्वतः हिशेब लावून घेतं, मेरिडियन ओलांडल्यावरसुद्धा. एसटी-४वर ही सोय नाही, तिथे लक्ष्य बदललं की कॅलिब्रेशन पुन्हा.

सुरू करण्याआधी हँड कंट्रोलरनं दुर्बीण थोडी उत्तरेकडे चालवा, म्हणजे डेकची ढील निघून जाते. मग निकालाचं चित्र वाचा. लाल आणि निळी रेघ एकमेकींना काटकोनात हव्यात, बिंदू जवळपास सरळ रेषेत आणि प्रत्येक दिशेला साधारण ८ ते १४. बिंदू फारच थोडे असतील तर पल्स मोठी आहे, पीएचडी२मधला कॅल्क्युलेटर वापरून ती कमी करा. उत्तरेला गेलेला तारा दक्षिणेला परत येताना सुरुवातीला एकाच जागी घुटमळत असेल तर डेकमध्ये ढील आहे, हे लिहून ठेवा. काटकोन फारच बिघडला असेल तर बहुधा पोलर अलाइनमेंट (आरए अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणं) बरीच चुकली आहे किंवा तेवढ्यात केबल ओढली गेली.

पडद्यावर इशारा आला तर 'ठीक आहे' दाबून पुढे जायचा मोह आवरा. वाईट कॅलिब्रेशनवर चांगलं गायडिंग होत नाही. एकदा चांगलं कॅलिब्रेशन मिळालं आणि कॅमेरा कड्यातून काढला किंवा फिरवला नाही, तर ते अनेक रात्री चालतं.

पायरी ४: गायडिंग बंद करून पाहा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि हीच सर्वात जास्त वगळली जाते. गायडिंग असिस्टंट नावाचं साधन पल्स पाठवणं थांबवतं आणि तारा मोकळा सोडून त्याची नोंद घेतं. आता जे दिसतं ते निव्वळ माउंट, पोलर अलाइनमेंट आणि हवा. किमान दोन मिनिटं चालवा, पण पीरिऑडिक एरर (प्रत्येक फेरीत पुन्हा येणारी चूक) बघायची असेल तर वर्मची, म्हणजे मुख्य चाक फिरवणाऱ्या स्क्रूची, एक पूर्ण फेरी होऊ द्या. ईक्यू६ प्रकारच्या माउंटमध्ये मुख्य चाकाला १८० दाते असतात, म्हणून ती फेरी सुमारे ४७९ सेकंदांची, म्हणजे आठ मिनिटांची.

डेकची रेषा एकाच दिशेनं सरळ कललेली दिसेल, तो उतार पोलर अलाइनमेंटचा. अक्ष एक कला (६० विकला) चुकला तर तारा तासाला जास्तीत जास्त सुमारे १५.७ विकला सरकतो. पाच कलांची चूक असेल तर मिनिटाला सव्वा विकलेच्या आसपास. एवढं गायडिंग सहज सांभाळतं, त्यामुळे एक-दोन कलांसाठी अर्धी रात्र घालवू नका. अर्ध्या अंशाची चूक मात्र गायडिंगनं झाकायला जाऊ नका. तारा धरला जाईल, पण चित्र त्याच्याभोवती फिरेल आणि कोपऱ्यातले तारे कमानदार येतील.

आरएची रेषा लाटेसारखी वर-खाली जाईल, ती वर्मची पीरिऑडिक एरर. ३० विकला उंचीची लाट आठ मिनिटांत होत असेल तर तिच्या सर्वात तीव्र उतारावर तारा सेकंदाला सुमारे ०.२ विकला सरकतो. दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ०.४ विकला, म्हणजे काळजीचं कारण नाही. लाट मोठी असणं वाईट नसतं. खडबडीत असणं वाईट.

रेषेवरची बारीक, दिशाहीन थरथर हवेची. असिस्टंट तिचा आकडा देतो आणि त्यावरून किमान हालचालीची मर्यादा (तिच्याहून लहान चुकीला पल्स जात नाही) सुचवतो. ती स्वीकारा. शेवटी तो बॅकलॅशही मोजून देतो.

पायरी ५: आता गायडिंग चालू करून आलेख वाचा

आरए एका नमुन्याला वर, पुढच्याला खाली, पुन्हा वर अशी करवत काढत असेल तर सॉफ्टवेअर गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करत आहे. बहुतेकदा ते हवेच्या मागे धावत असतं. अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर असेल तर दोन ते तीन सेकंद करा. तरी नाही थांबलं तर आरएचं ॲग्रेशन दहा-दहानं उतरवा. दुरुस्त्या सतत एकाच दिशेनं जात असूनही तारा मागेच राहत असेल तर उलट करायचं: ॲग्रेशन वाढवा, आणि कमाल पल्सची मर्यादा फार लहान ठेवली नाही ना ते बघा. स्ट्रेन-वेव्ह माउंटचा स्वभाव वेगळा आहे. त्यांची चूक मोठी आणि वेगानं बदलणारी असते, म्हणून त्यांना अर्धा-एक सेकंदाचं एक्स्पोजर लागतं. दातेरी माउंटचा सल्ला त्यांना लावू नका.

डेकचं दुखणं वेगळं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गाइड रेट १एक्सपेक्षा कमी असला की आरएची मोटर दिशा कधीच बदलत नाही. पल्स तिला नुसती थोडी भरभर किंवा थोडी सावकाश करते. डेकची मोटर मात्र एरवी उभी असते आणि प्रत्येक वेळी उलट-सुलट फिरायला लागते. विहिरीतल्या बादलीची दोरी ओढताना आधी झोळ निघतो आणि मग बादली हलते, तसं दिशा बदलली की आधी दात्यांमधली ढील भरते, तोवर तारा हलत नाही. सॉफ्टवेअर पल्सवर पल्स पाठवतं, ढील संपते, आणि साठलेली दुरुस्ती तारा पलीकडे फेकते. मग परतीच्या वाटेवर तेच. आलेखात डेकची रेषा काही वेळ एका बाजूला पठारासारखी बसते, मग दुसऱ्या बाजूला उडी मारते.

ढील थोडी असेल तर सॉफ्टवेअरमधली बॅकलॅश भरपाई चालू करा. असिस्टंटनं तीन सेकंदांहून जास्त मोजली असेल तर भरपाईच्या नादी लागू नका. त्याऐवजी डेक गायडिंग एकाच दिशेनं करा: पोलर अलाइनमेंट दोन-तीन कला चुकलेलीच राहू द्या, तारा कुठल्या बाजूला सरकतो ते बघा आणि फक्त त्याच्या उलट दिशेच्या पल्स चालू ठेवा. ढील मग आडवीच येत नाही. आकाशाच्या दुसऱ्या भागात गेलात की सरकण्याची दिशा पुन्हा तपासायची. डिदरिंग (दोन फोटोंमध्ये दुर्बीण मुद्दाम किंचित हलवणं) करत असाल तर ते फक्त आरएमध्ये ठेवा. कायमचा इलाज अर्थात वर्म आणि चाक यांच्यातलं अंतर साधण्याचा आहे, पण ते काम दिवसा, शांतपणे, माउंटची माहितीपुस्तिका समोर ठेवून.

मेरिडियन ओलांडल्यावर डेक सुसाट पळत सुटलं, म्हणजे प्रत्येक दुरुस्तीनं चूक वाढतच गेली, तर यंत्र बिघडलेलं नाही. काही माउंट बाजू बदलल्यावर डेकची दिशा स्वतः उलटवतात, काही उलटवत नाहीत. पीएचडी२मध्ये त्यासाठी एक चौकोन आहे, मेरिडियन फ्लिपनंतर (दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळल्यावर) डेकचं आउटपुट उलट करण्याचा. त्यातली खूण बदला आणि पुन्हा पाहा. एकदा लागलं की परत हात लावायची वेळ येत नाही.

दोन्ही अक्षांत एकाच क्षणी उंच उडी आली तर वारा, पायाचा धक्का किंवा केबल. फक्त आरएमध्ये ठरावीक काळानं उडी येत असेल तर घड्याळ लावा. तो काळ तुमच्या माउंटच्या एखाद्या चाकाच्या फेरीशी जुळला तर तिथे कचरा किंवा दुखावलेला दाता शोधा. हे सॉफ्टवेअरनं जात नाही.

आणि माउंट पल्स ऐकतंय की नाही याचीच शंका असेल तर स्टार-क्रॉस चाचणी करा. मुख्य कॅमेऱ्याचं लांब एक्स्पोजर सुरू ठेवायचं आणि त्या वेळात सॉफ्टवेअर माउंटला चारही दिशांना हलवतं. फोटोत अधिकचं स्वच्छ चिन्ह उमटलं तर निरोप पोहोचतो आहे आणि पाळला जातो आहे. एखादी भुजा गायब असेल तर केबल, ड्रायव्हर किंवा तो अक्ष.

पायरी ६: आलेख देखणा, तारे मात्र लांबट

गायडिंग फक्त गाइड कॅमेऱ्याला जे दिसतं तेच सुधारतं. गाइडस्कोप आणि मुख्य दुर्बीण एकमेकांच्या तुलनेत जराशा वाकल्या तर गाइड तारा जागीच राहतो आणि मुख्य फोटोतले तारे सरकतात. याला डिफरेन्शियल फ्लेक्शर म्हणतात. ओळखायची रीत: डिदरिंग बंद करा, एकापाठोपाठ एक फोटो घ्या आणि पहिला व शेवटचा एकमेकांवर ठेवून बघा. तारे सगळ्या फोटोंत एकाच दिशेनं, सावकाश सरकत गेले असतील तर हेच. श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणींत मुख्य आरसाच थोडा सरकतो, तिथे गाइडस्कोप कितीही घट्ट बसवला तरी भागत नाही. ऑफ-ॲक्सिस गायडर घ्यावा लागतो.

तारे सरकत नसतील, पण फक्त कोपऱ्यांतच लांबट असतील तर तो गायडिंगचा विषयच नाही. सेन्सरचं अंतर किंवा कल तपासा.

पायरी ७: किती चांगलं म्हणजे पुरेसं?

एकूण आरएमएस आकडा (गायडिंगमध्ये उरलेल्या चुकीची एक प्रकारची सरासरी) तुमच्या मुख्य कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलशी ताडून पाहा. ६०० मिलिमीटर आणि ३.७६ मायक्रॉन असेल तर पिक्सेल सुमारे १.३ विकलांचा. तिथे ०.८ आरएमएस असेल तर फोटो काढायला लागा. दुसऱ्या कुणाचा ०.४ बघून झुरण्यात अर्थ नाही, त्याची हवा वेगळी आणि माउंटही वेगळं. आरए आणि डेकचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे एकूण आकड्याइतकंच महत्त्वाचं: दोन्ही ०.७ असतील तर तारे गोल येतात, एक ०.४ आणि दुसरा ०.९ असेल तर लांबट. क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली हवेचा थर डोक्यावरच्यापेक्षा दुपटीहून जाड होतो, तिथल्या आलेखावरून माउंटला नावं ठेवू नका.

इथवर येऊनही आकडे बदलायचे असतील तर एका वेळी एकच बदला आणि किमान पाच मिनिटं वाट पाहा. आधी सगळं मूळ मूल्यांवर आणायचं असेल तर नवा प्रोफाइल बनवणं सर्वात स्वच्छ. जुना तसाच राहू द्या.

तरी सुटत नसेल तर जाणकारांना विचारताना पडद्याचा फोटो पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. पीएचडी२ प्रत्येक रात्रीचा गाइड लॉग आपोआप साठवतं, तो पाठवा. ज्या रात्रीचा लॉग पाठवाल तिच्यात तीन गोष्टी असू द्या: विषुववृत्ताजवळचं ताजं कॅलिब्रेशन, गायडिंग असिस्टंटची एक पूर्ण फेरी आणि आकड्यांना हात न लावता केलेलं अर्ध्या तासाचं गायडिंग.